आखाजीच्या तोंडावर घेतलेलं मशीन

चैत्र संपत आला की सुरतेच्या कोसाडातल्या उन्हाला आवाज येतो. पाण्याच्या टाक्या तडतडतात, जिन्याचे लोखंडी कठडे तडतडतात, गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या कडक होऊन दोरीवर आपटत राहतात. खाली कुठल्यातरी नवरदेवाच्या वरातीचा डीजे सकाळपासून तपासून पाहत असतात आणि त्या ठोक्यांनी माझ्या खिडकीची काच थरथरते. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो आणि दिवाळीहून मोठी मानतो. आखाजी आणि लग्नसराई हातात हात घालूनच येतात. आखाजीचं नाव काढलं की बायकांना माहेर आठवतं, झोका आठवतो, आमरस आणि सांजोऱ्या आठवतात. मला लोखंड आठवतं, आणि उजव्या हाताची बोटं आपोआप आत मिटतात.

परवा पलसाण्याहून एक मुलगी आली. नवीन लग्न झालेली, माझ्यासारख्याच हाताने लग्नपत्रिका करायला शिकलेली, उत्साहाने नुसती उतू जात होती. म्हणाली, "ताई, मशीन कोणतं घेऊ? मोबाईलवर तर सब सेम दिसतात." मी तिला रुंदी सांगितली, प्लेटा सांगितल्या, आतले दाते लोखंडी आहेत की नायलॉनचे ते उघडून पाहायला सांगितलं. ती निघाली तेव्हा जिन्यापर्यंत गेले आणि विचारलं, "घरात कोण कोण असतं गं?" ती म्हणाली, "का ताई?" मी म्हणाले, "काही नाही, सहज." ती गेल्यावर मला माझाच राग आला. जे सांगायला हवं होतं ते घशातच राहिलं होतं. ते इथे लिहून काढते.

हे मशीन म्हणजे उसाच्या चरकाचं धाकटं भावंड. एकावर एक दोन रूळ, बाजूला हँडल. खाली जाड पाट, पाटावर प्लास्टिकची पारदर्शक प्लेट, तिच्यावर कागद, कागदावर डाय म्हणजे धार काढलेली पातळ पोलादी नक्षी, आणि वर पुन्हा प्लेट. हा सगळा थर रुळांच्या तोंडाला लावायचा आणि हँडल फिरवायचं. आत जाताना प्लेटा कडकड वाजतात, हाड मोडावं तशा. पलीकडून थर बाहेर आला की कागदात मोर असतो, कलश असतो, जाळी असते. लोकांना ती जाळी आवडते. मला ती कडकड आवडते. मी तापट बाई आहे, लहानपणापासून. कुणाच्या तरी शुभविवाहासाठी दिवसभर काहीतरी दाबत, चिरडत, कापत बसायचं आणि लोकांनी यावं आणि म्हणावं, किती नाजूक काम आहे हो तुमचं. मी हसून पाणी द्यायची.

माझं पहिलं मशीन हलकं होतं. पांढरं प्लास्टिकचं, खाली टेबलाला चिकटणारा रबराचा पाया, काम झालं की घडी घालून कपाटात. घडी होते म्हणूनच घेतलं होतं. वस्तू जितकी कमी दिसेल तितकी ती घरात टिकेल, असा माझा समज होता.

प्रकाश माझा नवरा. पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या खात्यात, बहुतेक रात्रपाळीला. सकाळी यायचा तेव्हा कोपरापर्यंत कधी निळा, कधी राणी रंगाचा. मग दिवसभर झोपायचा प्रयत्न करायचा. भट्टीसारख्या तापलेल्या खोलीत, खाली डीजे आणि शेजारी माझी कडकड. झोप न मिळालेल्या माणसाचं काय होतं ते मला कळतं. पण आमच्या कॉलनीतले अर्धे पुरुष रात्रपाळीचे आहेत आणि ते सगळे बायकोचे केस धरून तिला भिंतीवर आपटत नाहीत. मारायला त्याला माझं मशीन लागत नव्हतंच. मशीनच्या आधी मिक्सरचा आवाज होता, मिक्सरच्या आधी माझं बोलणं, आणि त्याही आधी माझं गप्प बसणं. एकदा थोबाडीत खाल्ल्यावर मी आरशात गालावर रंग शोधला होता. रंग उतरला नव्हता, मिलचा रंग पक्का असतो. गालावर नुसती बोटं होती.

सासूबाई त्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसायच्या. कापलेल्या नक्षीत कागदाचे बारीक तुकडे अडकून राहतात, ते सुईने टोचून काढावे लागतात. हे काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. मला मार बसत असतानाही त्यांची सुई चालूच असायची. नवऱ्याच्या हातापेक्षा त्या सुईचा राग मी जास्त दिवस जपला. मारणारा निदान माझ्याकडे बघत तरी होता.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी तो अंथरुणातून उठला, माझ्या हातातून मशीन ओढलं आणि गॅलरीतून खाली फेकलं. पाट एकीकडे, रूळ एकीकडे, हँडल गटारात. जाळीची डाय भाजीवाल्याच्या गाडीवर कोथिंबिरीत सापडली आणि त्याने ती इमानदारीने वर आणून दिली. "बेन, तमारुं घरेणुं," म्हणाला. त्याला तो दागिनाच वाटला असावा. मी ती हातात घेतली, इतकी घट्ट दाबली की तळव्यावर जाळी उमटली, आणि ठरवलं की आता जे मशीन येईल ते या माणसाला उचलता येणार नाही.

दुकानात जाऊन बायका विचारतात, कोणता कागद कापेल, किती रुंद कापेल, नक्षी उठावाची निघेल का. तेही मला हवंच होतं. पण त्याआधी दुसरंच हवं होतं. पुढच्या वेळी तो हात उगारेल तेव्हा या घरातलं काहीतरी, निदान एक वस्तू तरी, माझ्या बाजूने उभी राहायला हवी होती. आणि माझे हात शाबूत राहायला हवे होते. हात गेले असते तर मी पुन्हा नुसती त्याच्या घरातली बाई झाले असते.

हाताचं मला मंगलने शिकवलं. मंगल समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. माझ्याच गावाकडची, शिरपूरच्या बाजूची. बमरोलीत साड्यांचे बॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात पंचिंगच्या मशीनवर होती, आणि तिथेच तिची दोन बोटं राहिली. मी तिला म्हटलं, मला दट्ट्याचं प्रेस मिळतंय, जुनं, वजनदार, हँडल खाली दाबलं की एका दणक्यात कापतं. तिने आपला अर्धा पंजा माझ्या तोंडासमोर धरला. "वजन देखू नको, तोंड देख. बोट जावाव नही असं तोंड देख." बोट जाणार नाही असं तोंड. दट्ट्याच्या प्रेसचा जबडा तळहात मावेल इतका उघडतो. रुळाच्या मशीनचं तोंड थराच्या जाडीइतकंच. तोपर्यंत मी मशीनकडे असं पाहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी कुठलंही यंत्र आधी त्याच्या तोंडापासून बघते. माणसंही.

भागळच्या गल्लीतल्या दुकानात मी भर दुपारी गेले. दुकानदार गुजराती, गोड बोलणारा, कपाळाला केशरी टिळा. त्याने आधी हलकी मशीनं काढली. जांभळं, गुलाबी, आकाशी. "बेन, आ लई जाव. एक हाथे उचकाय." एका हाताने उचलता येतं. मी म्हटलं, एका हाताने उचलता येत नाही असं दाखवा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माळ्यावरून एक काळं लोखंडी धूड दोघा गड्यांकडून उतरवून घेतलं. बिडाचं अंग, लोखंडी दाते, पायाला बोल्टची भोकं. मी हँडल उलटसुलट फिरवून पाहिलं, ढिलं नव्हतं. सोबत नेलेला जाड कागद लावून जाळी कापली. चारी कोपरे सारखे सुटले, मधे कुठे धागा राहिला नाही. मग पाट तोंडाशी ठेवला आणि वरच्या फटीत बोट घालून पाहिलं. नखापर्यंत गेलं आणि अडलं. दुकानदार ओरडला, "अरे बेन, हाथ नहीं, कागज!" मी विचारलं, याचा आवाज किती येतो? तेव्हा त्याचा धीर सुटला. "बेन, कंकोतरी कापवानी छे के चोरी करवानी?" लग्नपत्रिका कापायच्यात की चोरी करायचीय? दुकानातले सगळे हसले. मीही हसले. त्या आख्ख्या महिन्यात मी तेवढीच हसले असेन.

अमरोलीच्या वेल्डरने अँगलचं टेबल करून दिलं, ते फरशीत ठोकलं आणि त्यावर मशीन बोल्टने आवळलं. प्रकाशने आल्या आल्या ते धरून हलवून पाहिलं. पहिल्यांदा एका हाताने, मग दोन्ही हातांनी, मग भिंतीला पाय लावून. मशीन जागचं हललं नाही. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तो पुढे येऊन मला मारेल हे दिसत होतं आणि त्याने मारलंही, ओठ फुटेपर्यंत. पण त्या रात्री मी फुटक्या ओठाने पोटभर जेवले.

वजनदार वस्तू घरात आणली की मारणाऱ्याच्या हाताला फेकायला काही उरत नाही, हे मी बरोबर ओळखलं होतं. न फेकलेला तो राग मग कुठे जाईल, हे ओळखलं नव्हतं.

आमच्या गावात आखाजीला तापीच्या दोन काठांवर दोन गावच्या बायका उभ्या राहायच्या. गौराई पाण्यात सोडायची आणि मग एकमेकींना शिव्या द्यायच्या. गाण्यातून, ओरडून, कंबरेवर हात ठेवून. तुझ्या भावाच्या डोक्यात उवा, तुझ्या बापाची मिशी शेळीने खाल्ली. शिव्या संपल्या की गोटे. वर्षभर मान खाली घालून चालणाऱ्या बायका त्या दिवशी पदर खोचून नेम धरायच्या. माझी आई, जी घरात वडिलांसमोर शिंकतसुद्धा नव्हती, तिचा नेम गावात नावाजलेला होता. मी तिच्या शेजारी उभी राहून गोटे पुरवायची. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचं ते आनंदाच्या जवळचं होतं, पण नुसता आनंद नव्हता.

तीच तापी पुढे वाहत सुरतेला येते, आणि तिच्या मागोमाग आलेल्या बायकांनी हा खेळही इथे आणला. कोसाडात दोन काठ म्हणजे समोरासमोरच्या बिल्डिंगी, आणि मधला रस्ता म्हणजे नदी. आखाजीला सकाळी या गॅलरीतून त्या गॅलरीत शिव्या सुरू होतात. बांधकामाची बारीक खडी पदरात भरून बायका खाली उतरतात. गुजराती शेजारी खिडक्या लावून घेतात. आमच्या बाजूला मी आवाजाची पक्की आणि समोरून मंगल.

त्या आखाजीला मी माहेरी गेले नव्हते, कारण पत्रिकांचं काम डोक्यावर होतं. सकाळी सासूबाई जमिनीवर बसून सांजोऱ्या लाटत होत्या. मी राहिलेल्या पत्रिका उरकत होते, कलशाची खिडकी कापत होते. प्रकाश पाळी संपवून आला, वाटेत कुठेतरी पत्त्यांच्या डावात बसून आला असावा, डोळे लाल. दाराला आतून कडी घातली. म्हणाला, "बंद कर." मी म्हटलं, दोन थर राहिलेत. तो आला, मशीनला लाथ घातली आणि त्याचाच अंगठा ठेचला. कळवळला. मला हसू आलं, ते दिसलं असावं. त्याने माझं उजवं मनगट धरलं, वरची प्लेट भिरकावून दिली, बोटं पाटावर चेपून रुळांच्या तोंडाशी लावली आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवलं.

दुखणं कसं असतं ते सांगता येत नाही, आवाज सांगता येतो. प्लेटांचा कडकडाट मला पाठ होता, हा तसा नव्हता. ओलसर होता. मधली दोन बोटं नखापर्यंत आत गेली, नखं फुटली, आणि पहिल्या पेरापाशी हँडल अडलं. पुढे जाईना. तो पूर्ण भार टाकून हँडलला लोंबकळला. मी किंचाळले. तोंडाला येईल ती शिवी दिली, त्याच्या सात पिढ्यांना दिली, अहिराणीत, जितक्या जोरात देता येईल तितक्या.

आणि समोरच्या गॅलरीतून टाळ्या पडल्या. "वा वं वंदना!" मंगलचा आवाज. "आज लवकर सुरू व्हयनी!" त्यांना वाटलं मी खेळ सुरू केला. समोरच्या बायका धावत गॅलरीत आल्या आणि माझ्या शिव्यांना शिव्यांनी उत्तरं देऊ लागल्या. कुणीतरी थाळी वाजवली. मी मदतीसाठी ओरडत होते आणि समोर बायका खदखदून हसत होत्या. माझी प्रत्येक किंकाळी त्यांच्या लेखी सण होता. एवढ्या मोठ्या कॉलनीत मी तेव्हा जितकी एकटी होते तितकी कधीच नव्हते.

या खेळात सगळं चालतं. भाऊ, बाप, दीर, सासरा, कुणालाही शिव्या चालतात. एकच गोष्ट कुणी करत नाही. आपल्या नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. खेळातच काय, एरवीही आमच्यातल्या बायका घेत नाहीत. हे मी ठरवून केलं असं म्हणणार नाही. हँडल पुन्हा दाबलं गेलं आणि माझ्या तोंडून निघालं, "प्रकाश, सोड! प्रकाश! प्रकाश!"

समोर थाळी थांबली. शिवी अर्ध्यावर थांबली. रस्ता एकदम इतका शांत झाला की मला रुळातलं तेल गळताना ऐकू आल्यासारखं वाटलं. मग चपलांचा आवाज सुरू झाला, रस्त्यावरून, जिन्यावरून, चढत येणारा.

पण दाराला कडी होती. बाहेरून थापा पडू लागल्या आणि प्रकाश ओरडला, "कोणी उघडानं नही!" तेव्हा सासूबाई उठल्या. हाताला पीठ होतं. गुडघ्यांनी त्यांना नेहमीसारखाच वेळ लागला. त्या त्याच्या शेजारून गेल्या, कडी काढली आणि बाजूला झाल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

बायका आत आल्या त्या पदरात खडी घेऊनच आल्या. मंगलने आधी हँडल उलटं फिरवून माझा हात सोडवला, तिच्या तीन बोटांनी. मग ती वळली. पुढचं मी नीट पाहिलं नाही, पण ऐकलं. लाटणं, थाळी, चप्पल, खडी. तो दोन्ही हातांनी डोकं झाकून जिन्यावर पडला, उठला, पुन्हा पडला. बायकांच्या तोंडून आता शिव्या येत नव्हत्या. मला वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं तर सांगते, नाही वाटलं. आवाज ऐकताना माझा श्वास मोकळा होत गेला. मी उठून गॅलरीत गेले, कारण मला तो जाताना पाहायचा होता.

बायका जिन्याच्या तोंडाशी थांबल्या होत्या. तो एकटाच रस्त्यावर आला, लंगडत. मधोमध थांबला आणि वर बघून काहीतरी ओरडणार होता, तेवढ्यात दगड त्याच्या कपाळावर बसला. खडी नव्हे, मुठीएवढा दगड. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं आणि तो खाली बसला. मग उठला आणि गेला. आता तो पलसाण्यालाच मिलच्या खोलीवर राहतो.

दोन-चार दिवसांनी समाजाचे पंच आले. खाली मंडपाच्या खुर्च्या मांडल्या. प्रकाश डोक्याला पट्टी बांधून बसला होता. जिन्यात जे झालं त्याबद्दल तो काही बोलला नाही, बायकांनी मारलं हे कोणता पुरुष सांगेल. पण कपाळावरचा दगड कोणी मारला त्याचं नाव त्याला हवं होतं. पंचांनी एकेकीला विचारलं. मंगल म्हणाली, "आखाजीना दगड कोनाना बी नही ऱ्हास, दाजी." आमच्याकडची रीत आहे ती. त्या दिवशीच्या गोट्याचा जाब विचारायचा नाही, राग धरायचा नाही. पंच स्वतः तापीकाठचेच. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, चहा घेतला आणि माझ्या हाताचा विषय काढला.

बोटं वाचली. डॉक्टर म्हणाला, तोंड थोडं मोठं असतं तर पेर गेलं असतं. एका बोटाला नख नीट येत नाही आणि थंडीत ते ठणकतं, पण हँडल फिरवता येतं. मशीन अजून तिथेच आहे, फरशीत ठोकलेलं. प्लेटा बदलल्या, रुळांना तेल घालते. या लग्नसराईत पुन्हा मोर, कलश, जाळ्या. पहिले काही महिने मी मशीनकडे पाठ करून झोपायची, आता तसं होत नाही. सासूबाई माझ्याकडेच राहिल्या. मुलाकडे जायचं का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मनी सुई कोठे शे?" आणि मी सुई शोधून दिली.

पलसाण्याच्या त्या मुलीला मी फोन करून बोलावलं आहे. ती आली की हे सगळं सांगणार आहे. एकच गोष्ट सोडून, जी मी पंचांना सांगितली नाही आणि मंगललाही नाही. बायका जिन्याशी होत्या, पत्र्याच्या आडोशाला. तिथून रस्त्याच्या मधोमध दगड पोचत नाही. दगड वरून आला होता. गॅलरीत आम्ही दोघीच होतो, मी आणि सासूबाई, आणि माझ्या डाव्या हाताने मी माझा उजवा हात धरून ठेवला होता.